शिल्पीचा हात आणि यंत्राचा बाहू

पाली वाङ्मयातील अलीनचित्त जातकात वाराणसीजवळील सुतारांच्या एका गावाचे वर्णन आले आहे. तेथील पाचशे सुतार नावेने नदीच्या वरच्या अंगास जात, अरण्यातच एकमजली व दुमजली घरांचे सुटे भाग घडवीत, मुख्य खांबापासून प्रत्येक भागावर खूण करीत आणि ते भाग नगरात आणून जोडीत. घडविण्याचे स्थान निराळे, उभारण्याचे निराळे. या दोहोंना सांधते ती खूण. आजच्या स्थापत्यात रोबोट, अर्थात यंत्रमानव, शिरला आहे, तो याच सांध्यावर. आता खुणेची जागा संगणकातील आज्ञावलीने घेतली आहे.

स्वित्झर्लंडमधील फ्लेश या गावी गांटेनबाइन द्राक्षमळ्याची मद्यनिर्मितीची इमारत आहे. तिच्या भिंती फाबिओ ग्रामाझिओ व मथियास कोहलर यांनी २००६ साली झुरिचच्या ईटीएच या विद्यापीठात यंत्रबाहूकडून रचून घेतल्या. सुमारे २०,००० विटांचे ७२ भाग तयार झाले, ते मालमोटारीने नेऊन क्रेनने जागेवर बसविण्यात आले. प्रत्येक वीट किंचित निराळ्या कोनात वळलेली असल्याने दुरून पाहता भिंतीवर द्राक्षांच्या राशीचा भास होतो आणि विटांमधील फटींतून आत सौम्य प्रकाश झिरपतो.

येथे गवंडी व यंत्र यांतील भेद ध्यानी येतो. गवंडी ओळंबा आणि दोरी लावून थर सरळ रेषेत आणतो. परंतु प्रत्येक विटेचा कोन बदलायचा झाल्यास त्याला विटेगणिक माप घ्यावे लागेल. यंत्रास सारखेपणा आणि वेगळेपणा दोन्ही समान श्रमाचे आहेत. तथापि वळलेली वीट खालच्या विटेवर किती टेकेल, त्यानुसार चिकटद्रव्याचे पट्टे कोठे पडावेत, हे यंत्रास आपोआप उमगत नाही. तो विचार माणसानेच आधी करून ठेवावा लागला. विटेवर वीट कशी टेकते, हे गवंडीकामाचे जुनेच ज्ञान होय.

चीनमधील उदाहरणे याहून उद्बोधक आहेत. शांघाय येथील 'ची शे' या कलादालनाची भिंत स्थापत्यविशारद फिलिप युआन यांच्या संस्थेने २०१६ साली जुन्या इमारतींच्या करड्या विटा वापरून यंत्राच्या साहाय्याने रचली. पुढे २०१७ साली सिच्वान प्रांतातील दाओमिंग या बांबूविणकामासाठी प्रसिद्ध असलेल्या गावी त्यांनीच एक वास्तू उभारली. तिच्या वळणदार छपराचा सांगाडा संगणकीय आराखड्यानुसार कारखान्यात आधीच घडविला होता. बांबूचे विणकाम मात्र स्थानिक कारागिरांचे आहे. बांबूची प्रत्येक पट्टी लवचिकतेत व जाडीत निराळी असते आणि तिचा कल बोटांनाच कळतो.

आमच्या मते खरा प्रश्न यंत्र हवे की नको, हा नाही. पाठ मोडणारे ओझे यंत्राने उचलले तर ते इष्टच होय. प्रश्न आहे तो खूण कोण करतो, हा. जातकातील सुतार स्वतः घडवीत, स्वतः खूण करीत आणि स्वतःच जोडीत. म्हणून समग्र घर त्यांच्या बुद्धीत वसत होते. आज्ञावली एकाने लिहावी आणि कारागिराने केवळ माल पुरवावा, अशी विभागणी झाली, तर हात उरतील, पण त्यांतील विद्या एका पिढीत लोपेल. म्हणून कारागिरास आराखड्याच्या मेजापाशी स्थान, आज्ञावलीचे शिक्षण आणि आपल्या ज्ञानाचा उचित मोबदला मिळाला पाहिजे. तसे घडले तरच यंत्राचा बाहू शिल्पीच्या हाताचा विस्तार ठरेल.