धूळ किती, यापेक्षा धुळीत काय?

अमेरिकेतील युटा राज्यात, डोंगरांनी वेढलेल्या एका खोऱ्यात जिनिव्हा नावाचा पोलाद कारखाना होता. कामगारांशी झालेल्या वादातून ऑगस्ट १९८६ मध्ये तो बंद पडला आणि सप्टेंबर १९८७ मध्ये पुन्हा सुरू झाला. आर्डेन पोप या अर्थशास्त्राच्या प्राध्यापकांनी तिथल्या रुग्णालयांच्या नोंदी तपासल्या. कारखाना चालू असतानाच्या हिवाळ्यात ब्राँकायटिस आणि दम्यासाठी दाखल होणाऱ्या मुलांची संख्या, तो बंद असतानाच्या हिवाळ्यापेक्षा दुप्पट-तिप्पट होती.

बंदच्या काळात धूळ कमी होती, म्हणून आजार कमी झाले, असे वाटणे साहजिक होते. पण गोष्ट तेवढीच नव्हती. हवा तपासणीचे त्या वर्षांतले गाळणकागद जपून ठेवलेले होते. पुढे शास्त्रज्ञांनी त्यांवरच्या धुळीचा पाण्यात अर्क काढला. कारखाना बंद होण्यापूर्वीचा, बंद असतानाचा आणि पुन्हा सुरू झाल्यानंतरचा, असे तीन अर्क सारख्याच प्रमाणात घेऊन निरोगी स्वयंसेवकांच्या फुप्फुसात दुर्बिणीवाटे सोडले. दुसऱ्या दिवशी तपासले, तर कारखाना चालू असतानाच्या धुळीने फुप्फुसात ठळक दाह झाला होता. बंद काळातल्या धुळीने तो फारच कमी झाला. प्रयोगशाळेत वाढवलेल्या श्वासनलिकेच्या पेशींवरही असाच फरक दिसला. चालू काळातल्या अर्कांत लोह, तांबे, जस्त असे धातू जास्त होते.

हे धातू नेमके काय करतात? लोह आणि तांबे यांचे अणू इलेक्ट्रॉनची सतत देवघेव करतात. या देवघेवीतून पेशीत अतिशय आक्रमक असे ऑक्सिजनचे रेणू तयार होतात. ते पेशीचे आवरण, प्रथिने आणि डीएनएवर हल्ला करतात. पेशीजवळ ग्लुटाथिओन नावाची ढाल असते. पण मारा रोजचा असेल, तर ती कमी पडू लागते. मग पेशी धोक्याचे रासायनिक संदेश सोडते आणि रक्तातल्या पांढऱ्या पेशी तिथे धावून येतात. हाच दाह. तो वारंवार झाला की श्वासनलिका सुजतात, आणि दमेकऱ्यांचा त्रास बळावतो.

आपल्याकडे मात्र ‘पीएम २.५’चा आकडा सांगतो तो फक्त एक घनमीटर हवेतल्या सूक्ष्म कणांचे वजन. देशाच्या २००९ च्या हवा मानकांत शिसे, निकेल आणि आर्सेनिकला मर्यादा आहे. लोह, तांबे, जस्त यांना नाही. हे धातू वाहनांच्या झिजणाऱ्या ब्रेक आणि टायरमधून, भट्ट्यांतून, वेल्डिंगच्या धुरातून हवेत मिसळतच असतात.

सर्वांत जवळून हा मारा सोसतो तो वेल्डर. जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा जोडल्यावर त्याच दिवशी संध्याकाळी-रात्री थंडी वाजून ताप येतो आणि एक-दोन दिवसांत उतरतो. तो फ्लू समजून सोडून दिला जातो. कर्करोगावर संशोधन करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०१७ मध्ये वेल्डिंगचा धूर कर्करोगकारक ठरवला. तोंडावर बांधलेला रुमाल हा धूर अडवू शकत नाही. धूर जागीच ओढून घेणारा पंखा, मोकळी हवा आणि नाकातोंडावर घट्ट बसणारा योग्य मास्क हवा. सततचा खोकला किंवा धाप असेल, तर डॉक्टरांना आपले काम काय, हेही आवर्जून सांगावे.