जीप घेताय? आधी पाणंद पाहा, मग शोरूम

उसाचं बिल हातात पडलं किंवा कांद्याला बरा भाव लागला, की घरात पहिला विषय निघतो तो गाडीचा. पोरं म्हणतात, मोठी जीपच घेऊ, ट्रॉलीपण ओढंल आन् रानातपण जाईल. घ्या, जरूर घ्या. पण दहा-पंधरा लाखांचं कर्ज अंगावर घेताना गाडी नेमकं काय ओढणार आणि कुठं चालणार, हे आधी ठरवा.

दिसायला जीपसारख्या गाड्या आज ढीगभर आहेत. त्यातल्या पुष्कळ गाड्यांना वेगळी चासी नसते आणि इंजिनाची ताकद फक्त पुढच्या दोन चाकांना मिळते. मागं हुकाला वजन लागलं की गाडीचा पुढचा भाग हलका होतो आणि नेमकी ओढणारी चाकंच चढावर जागेवर फिरू लागतात. म्हणून ओढकामाला शिडीसारख्या चासीची, मागच्या किंवा चारही चाकांना ताकद देणारी डिझेल गाडी बघावी.

बोलेरो दणकट, कुठल्याही गावात दुरुस्त होणारी. पण ताकद मागच्या दोनच चाकांना. थार म्हणजे फोर-व्हील-ड्राईव्हच, असा पुष्कळांचा समज आहे. २०२३ पासून दोन चाकांची थारही विकली जाते, तेव्हा बुकिंगच्या कागदावर नीट वाचा. जिम्नी वजनानं हलकी, चिखलात चपळ. पण पेट्रोलची आणि ओढायला बेताची. गुरखाला पुढं-मागं दोन्हीकडं डिफरन्शियल लॉक आहे. एक चाक खड्ड्यात अधांतरी राहिलं तरी दुसरं जमीन धरून गाडी बाहेर काढतं. डोंगराळ भागात हे फार मोलाचं, सपाट गावात त्याचे पैसे वाया.

फोर-व्हील गाडीत 'फोर लो' आहे का, हे जरूर विचारा. त्यात चाकं सावकाश फिरतात आणि जोर वाढतो. भरली ट्रॉली चढावर हलवायला किंवा घाट उतरताना ब्रेक न तापवता गाडी आवरायला हाच गिअर कामाला येतो. मात्र थार, जिम्नी, गुरखा यांत चार चाकांची जोडणी कोरड्या डांबरीवर वापरू नये. वळणावर पुढची-मागची चाकं सारखी फिरत नाहीत, ताण सगळा गिअरवर येतो.

आता वजनाचा हिशेब. १००० लिटर पाणी म्हणजे एक टन, वर टाकी आणि ट्रॉलीचं वजन वेगळं. ट्रॅक्टरची ट्रॉली जीपला जोडण्याचा उद्योग काहीजण करतात, तो करू नका. ट्रॉलीला स्वतःचे ब्रेक नसतील तर उतारावर तीच जीपला ढकलत नेते. गाडी किती ओढू शकते हे कंपनीच्या पुस्तिकेत पाहा. नसेल तर विक्रेत्याकडून लेखी घ्या, तोंडी शब्दावर जाऊ नका. हूक चासीलाच बसवा, बंपरला नव्हे.

ट्रॉली भरणं बैलगाडीसारखंच आहे. गाडी उलाळ झाली की जू वर उचललं जातं, हे तुम्हाला आम्ही सांगायला नको. जीपमागची ट्रॉली उलाळ असेल तर वेगात शेपटीसारखी हलू लागते आणि जीपलाही रस्त्याबाहेर ओढते. माल आसाच्या थोडा पुढं ठेवा. एकूण वजनाच्या दहाव्या हिश्श्याएवढा भार हुकावर असावा.

काळ्या रानाचं मात्र वेगळं आहे. पाऊस झाल्यावर तिथली माती टायरच्या खाचांत अशी भरते, की नवा टायरही गुळगुळीत होतो. मग चारही चाकांना ताकद असून काय उपयोग? चारही जागेवर फिरतात. वाफसा येईपर्यंत थांबणं किंवा ट्रॅक्टर बोलावणं, दोनच मार्ग. मुरमाड किंवा वाळूच्या वाटेवर टायरची हवा थोडी कमी केली तर पकड वाढते; डांबरीला लागण्याआधी मात्र ती पुन्हा भरा.

ओढ्याचंही तसंच. थार ६५० मिलिमीटर पाण्यातून जाते असं कंपनी सांगते. पण फरशीवरून वाहणारं पाणी निराळं, तिथं खोलीपेक्षा जोर घात करतो.

ज्याच्या दारात ट्रॅक्टर उभा आहे, त्यानं चार चाकांच्या हौसेला जादा पैसे का घालावेत, हे आम्हाला उमगत नाही. दुधाचे कॅन आणि चार माणसं तर साध्या गाडीतही जातात. ट्रॅक्टर नसेल आणि वस्ती डोंगरावर असेल, तर गोष्ट वेगळी.

विक्रेते चाचणीला गाडी गुळगुळीत डांबरीवर फिरवून आणतात. तुम्ही ती आपल्या पाणंदीनं न्यायला लावा, माणसं भरून, चढावर थांबवून पुन्हा उचलून. ट्रॉलीची वेगळी नोंदणी आरटीओत लागते, आणि हूक लावल्याचं विमा कंपनीला आधीच कळवून ठेवा.