हवेचा हातोडा

मराठीच्या प्राध्यापकाने दिवाळी अंकात लिहायचे ते एखाद्या विस्मृत कवीवर, नाहीतर लहानपणच्या फराळावर, अशी आपल्याकडे रीत आहे. मी यंदा गंजलेल्या लोखंडावर लिहिणार आहे, आणि तो गंज मोडणाऱ्या एका हत्यारावर. गॅरेजवाले त्याला ‘एअर हॅमर’ म्हणतात. मी हवेचा हातोडा म्हणतो, माझ्या एम. ए.च्या पदवीचा या लेखाशी संबंध एवढाच.

माझ्या भाच्याचे रत्नागिरीला गॅरेज आहे. गॅरेज म्हणजे पत्र्याची एक शेड, दोन जॅक, एक जुना कंप्रेसर आणि दारात फणसाचे झाड. त्याची बरीचशी गिऱ्हाइके म्हणजे मिरकरवाडा बंदरावरून मासे वाहणारे टेम्पो. या टेम्पोच्या मागून ज्याने कधी स्कूटर चालवली असेल, त्याला त्यांची ओळख करून द्यायला नको. हौद्यातला बर्फ वितळतो, खारे पाणी फटींतून गळते आणि चेसिसवर, पाट्यांवर, शॅकलच्या पिनांवर झिरपत राहते. वरून समुद्राचा वारा आहेच. चार वर्षांची गाडी खालून पाहावी तर बुडालेल्या गलबतासारखी दिसते.

आता गंज म्हणजे नुसता तांबडा रंग नव्हे. लोखंडाचा गंज झाला की तो मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा मागतो. पिन आणि भोक यांच्यामधल्या केसाएवढ्या फटीत तो फुगतो आणि पाचर ठोकल्यासारखा बसतो. मग पाना लावा, पाईप अडकवून जोर करा, बोल्टाचे डोके घासून गोल होते, नाहीतर तुटून हातात येते. रॉकेल टाकून रात्रभर ठेवा, कधी साधते, कधी नाही. गॅस मारून तापवावे तर शेजारचे रबरी बुश जळते, आणि डिझेलची टाकी हाताच्या अंतरावर असते. राहिला घण. पण गाडीखाली उताण्या पडलेल्या माणसाला घण उगारायला जागा किती? वीतभर. हवेच्या हातोड्याचे सगळे मोल या वीतभर जागेत आहे. त्याला उगारावे लागत नाही.

रचना पाहिली तर अगदी साधी. पिस्तुलासारखी मूठ, मुठीला चाप, पुढे पोलादी नळी. नळीत एक दट्ट्या मोकळा धावतो. चाप दाबला की कंप्रेसरची हवा त्याला पुढे फेकते, तो छिन्नीच्या बुडावर आदळतो. लगेच झडप हवेची वाट फिरवते आणि दट्ट्या मागे येतो. छिन्नी दट्ट्याला जोडलेली नसते, ती नुसती स्प्रिंगने तोंडाशी अडकवलेली असते. छिन्नीच्या जागी बोथट पंच घातला की पिना बाहेर निघतात, चिमट्यासारखा दुहेरी काटा घातला की बॉल जॉइंट सुटतो, पत्रा कापायचे पाते घातले की जुना मडगार्ड उतरतो.

या हातोड्याच्या इतिहासात एक गमतीचा योगायोग आहे. १८९३ साली शिकागोला जे मोठे प्रदर्शन भरले (त्याच्याच निमित्ताने भरलेल्या धर्मपरिषदेमुळे ते आपल्याला ठाऊक असते), तिथे चार्ल्स ब्रॅडी किंग या अमेरिकन यंत्रज्ञाने आपला हवेचा हातोडा मांडला होता. त्याच किंगने ६ मार्च १८९६ रोजी डेट्रॉइटच्या रस्त्यावर त्या शहरातली पहिली मोटार चालवली. मोटारीच्या पोटाखाली हा हातोडा पुढे इतका रमणार होता, त्याची जणू सोयरीक आधीच जुळली होती.

भाच्याने हातोडा घ्यायचे ठरवले तेव्हा मी त्यात पडायचे काही कारण नव्हते. कारण ठरले त्याचे मिस्त्री.

मिस्त्रींचे वय पंचावन्नच्या आसपास. तरुणपणी त्यांनी मुंबईला एका वर्कशॉपमध्ये पंधरा वर्षे सकाळपासून संध्याकाळपर्यंत हवेची छिन्नी चालवली. आज त्यांना जमिनीवर पडलेला वायसर बोटांनी उचलता येत नाही. खिशात लोहचुंबक ठेवतात, त्याने उचलतात. शर्टाची बटणे सून लावून देते. “रात्री हात जड होतात, मास्तर,” ते मला एकदा म्हणाले. “कुणा दुसऱ्याचा हात आणून आपल्या खांद्याला जोडल्यासारखं वाटतं.” हादऱ्यांनी नसा गेल्या, असे डॉक्टरांनी सांगितले. वर्कशॉप कुठले, ते मिस्त्री सांगत नाहीत आणि मीही विचारले नाही.

भाच्याने नव्या हत्याराची बातमी सांगितली तेव्हा ते म्हणाले, “घे बाबा, घेतल्याशिवाय गत्यंतर नाही. पण मला दाखवल्याशिवाय घेऊ नकोस.” इकडे ताईचा मला फोन. “तू जा रे बरोबर. तो आकडे बघितले की भुलतो. आणि हात त्याचेच आहेत. सव्वीस वर्षांचा आहे तो अजून.”

टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही, ही म्हण मी वर्गात कितीदा समजावून दिली असेल. तीत दगड आहे, टाकी आहे, घाव आहेत, देवही आहे. टाकी धरणारा हात मात्र कुठे नाही. त्या हाताकडे पाहायला एक बाई निघाल्या त्या १९१८ साली, अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात, बेडफर्ड या गावी. त्यांचे नाव डॉ. अ‍ॅलिस हॅमिल्टन. तिथल्या चुनखडकाच्या खाणींतले पाथरवट हवेचा हातोडा वापरू लागले होते, आणि थंडीच्या सकाळी त्यांची बोटे मेणासारखी पांढरी आणि बधिर पडत. हातोडा धरणाऱ्या हातापेक्षा छिन्नीला दिशा देणाऱ्या डाव्या हाताची बोटे जास्त बिघडत. हॅमिल्टनबाईंनी त्यांची नीट तपासणी करून दोष हातोड्याच्या हादऱ्यांचा आणि थंडीचा म्हणून नोंदवला. आपल्याकडे उकाड्यामुळे बोटे पांढरी पडलेली सहसा दिसत नाहीत. म्हणून इथे तो रोगच नाही, असे समजण्याकडे लोकांचा कल असतो. पण मुंग्या, बधिरपणा, पकड जाणे याला थंडी लागत नाही. मिस्त्री काही इंडियानात राहिलेले नाहीत.

तर आम्ही तिघे आंबा घाट चढून कोल्हापूरला गेलो, उद्यमनगरच्या बाजूला. मिस्त्रींच्या मांडीवर एक पिशवी होती आणि तीत वर्तमानपत्रात गुंडाळलेले, पिन जाम झालेले एक गंजके शॅकल. एसटीच्या कंडक्टरने “यात काय?” म्हणून पिशवीला हात लावला आणि वजन पाहून पुढे काही विचारले नाही.

दुकानदाराने आधी एक आखूड, चकचकीत हातोडा पुढे केला. पेटी प्लॅस्टिकची, आत चार छिन्न्या, किंमत खिशाला सोसेल अशी. “साहेब, मिनिटाला साडेचार हजार ठोके!” भाच्याचे डोळे चमकले. मिस्त्रींनी विचारले, “दट्ट्या किती धावतो?” दुकानदार पुस्तिका चाळू लागला.

प्रश्न अगदी वर्मावरचा होता. आखूड नळीत दट्ट्याची धाव कमी. तो भराभर आपटतो, पण प्रत्येक ठोका हलका. लांब नळीत धाव साडेतीन इंचांच्या आसपास. दट्ट्या वेग घेतो आणि जोराने आदळतो, म्हणून ठोके मिनिटाला दोन-सव्वादोन हजारच. दारावर बोटांनी टकटक करणारा शंभर वेळा करील. बंद दार उघडायचे तर खांदा द्यावा लागतो. ज्याला पत्रा कापायचा आहे, स्पॉट वेल्डिंग सोडवायचे आहे, त्याला टकटक पुरते, उलट तीच बरी, कारण पत्र्यावर हात काबूत राहतो. शॅकलच्या पिनेला खांदाच हवा. दुकानाच्या मागच्या बाजूला पक्कडयंत्रात मिस्त्रींचे शॅकल आवळले आणि दोन्ही हातोडे लावून पाहिले. आखूड हातोडा मिनिटभर कडकडला, गंजाची पूड पडली, पिन तशीच. लांब नळीच्या हातोड्याने दहा-बारा सेकंदांत ती सरकली. दुकानदारालाही बरे वाटले असावे. त्याने चहा मागवला.

छिन्नीच्या दांड्याकडे मात्र मिस्त्रींनी मला बघायला लावले. मोटारकामाच्या चांगल्या हातोड्यांत गोल दांडा ०.४०१ इंचाचा, म्हणजे दहा मिलिमीटरपेक्षा किंचित जाड असतो. त्या मापाच्या पाहिजे त्या छिन्न्या मिळतात. त्याहून जाड, ०.४९८ इंचाचा दांडा अवजड कामाच्या हातोड्यांना येतो. स्वस्त पेट्यांत कधी षट्कोनी दांडा येतो. त्यातली एक छिन्नी मोडली की तिची जोडीदारीण शोधत फिरा. चापही तपासावा. बोट थोडे दाबले तर हातोडा हळू चालला पाहिजे. पहिल्या स्पर्शाला सगळा जोर देणारा चाप छिन्नी घसरवतो.

मग हवेची गोष्ट. हातोडे बहुतेक चौरस इंचाला ९० पौंड दाबावर चालतात, पण दाब म्हणजे पुरवठा नव्हे. काही कंपन्या पुस्तिकेत हवेचा जो खर्च छापतात, तो चाप मिनिटात पंधराच सेकंद दाबला आहे असे धरून काढलेला असतो. सतत दाबला तर चौपट लागतो. पंक्चर काढणाऱ्याचा लहान कंप्रेसर त्यापुढे धापा टाकतो. भाच्याची टाकी बऱ्यापैकी मोठी, आणि काम थांबून थांबून करायचे, म्हणून निभावले. पण नळी बदलावी लागली. पाव इंची नळीतून लांबवर हवा नेली की हातोड्यापाशी दाब उतरतो. तीन अष्टमांश इंची नळी हवी. हातोड्यासाठी हजारो रुपये मोजून नळीत काटकसर करणारे लोक मी त्या दिवशी दुकानात पाहिले.

शेवटचा आकडा पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर, बारीक टाईपात होता. हादऱ्यांचा. आखूड हातोड्याच्या पुस्तिकेत तो छापलेलाच नव्हता. लांब नळीचे दोन हातोडे होते. एकाचा आकडा दहा, दुसऱ्याचा सात. दुसरा सुमारे दीडपट महाग. हादरे मोजण्याचे माप मीटर प्रति सेकंद वर्ग असते. मी आमच्या महाविद्यालयातल्या भौतिकशास्त्राच्या सहकाऱ्याला तिथूनच फोन लावला. त्यांनी सांगितले ते असे: युरोपात २००२ साली झालेल्या निर्देशाप्रमाणे आठ तासांच्या दिवसाला सरासरी अडीचपर्यंत हादरे गेले की मालकाने उपाय केलेच पाहिजेत, आणि पाचच्या वर जाऊच द्यायचे नाही. हिशेब वर्गाचा आहे. आकडा दहा असेल तर अडीचची मर्यादा अर्ध्या तासात भरते. सात असेल तर साधारण तासाला. पाच असेल तर दोन तासांनी. हादरा निम्मा झाला की मुभा चौपट होते. शिवाय पुस्तिकेतला आकडा प्रयोगशाळेतला. गाडीखाली, झिजलेल्या छिन्नीने, तो वाढतो.

मी हे तोंडी भाषांतर करून सांगितले. मिस्त्री ऐकत होते. “आम्ही दिवसाचे सहा तास चालवायचो,” ते एवढेच म्हणाले. भाच्याने दोन्ही हातोडे हातात घेऊन पाहिले, मग सातवाला उचलला. त्याच्या मुठीवर रबर होते आणि हवा पुढून, बोटांपासून दूर बाहेर पडत होती. हे महत्त्वाचे, कारण सुटणारी हवा गार असते आणि गारठलेला हात हादरा जास्त खातो. हादरे शोषणारे म्हणून मोजे विकतात, तेही दुकानदाराने दाखवले. पण मिनिटाला दोन हजार ठोक्यांच्या संथ हादऱ्यापुढे त्यांचा विशेष उपयोग नसतो. ते पैसे कानावरच्या झाकणांत आणि डोळ्यांच्या चष्म्यांत घातले. हातोड्याचा आवाज शंभर डेसिबलच्या वर जातो, हे दुकानातल्या मिनिटभराच्या प्रयोगाने आम्हा तिघांना पटले होते.

रत्नागिरीला आल्यावर मिस्त्रींनी नियम घालून दिले. सकाळी हातोड्याच्या हवेच्या तोंडात तेलाचे चार थेंब. टाकीच्या तळाची तोटी रोज उघडायची. पावसाळ्यात कोकणातली हवा दाबली की टाकीत तांब्याभर पाणी निघते आणि ते हातोड्याच्या पोटात गेले तर गंज काढणारेच गंजते. छिन्नी लोखंडाला टेकल्याशिवाय चाप दाबायचा नाही, नाहीतर रिकामा दट्ट्या स्प्रिंग तोडून छिन्नी बंदुकीसारखी सोडतो. डाव्या हाताने छिन्नी धरायची नाही. मूठ आवळायची नाही, हातोड्याच्या वजनाला काम करू द्यायचे. आणि दिवसाला अर्धा तास, वर नाही. भिंतीवर एक पाटी टांगली आहे. चाप सोडला की भाचा खडूने मिनिटे मांडतो.

परवा गेलो तेव्हा टेम्पोखालून त्याचे पाय दिसत होते आणि मिस्त्री बाहेर स्टुलावर घड्याळ घेऊन बसले होते. पाटीवर अकरा मिनिटे होती. तीन शॅकले निघाली होती, चौथे राहिले होते.