एक्स्टेन्शन बसतं कोणत्या पायथनमध्ये?

मर्क्युरियलचं एक्स्टेन्शन लिहिणं तसं अवघड नाही. पायथनची एक फाईल, तिच्यात एक नवी कमांड, झालं. अडतं ते पॅकेज करून दुसऱ्याला देताना. ‘पिपनं नीट बसलं, पण एचजी म्हणतं मॉड्यूल सापडत नाही,’ अशी तक्रार येते, आणि आपण कोडमध्ये चूक शोधत बसतो. चूक तिथे नसतेच.

बघा, एचजी (ही पाऱ्याची रासायनिक खूण, नाव तिथूनच आलंय) हा स्वतःच पायथनमधला प्रोग्रॅम. आपलं एक्स्टेन्शन स्वतंत्र चालत नाही, एचजी ते इम्पोर्ट करतं. म्हणजे ज्या पायथनवर एचजी चालतं, त्याच पायथनला आपलं पॅकेज दिसायला हवं. लिनक्सवर एचजी बहुधा सिस्टिमच्या पायथनवर असतं आणि आपण पिप चालवतो व्हर्च्युअल एन्व्हायर्न्मेंटमध्ये. दोघांची गाठच पडत नाही! विंडोजवर टॉर्टॉइजएचजी स्वतःचं पायथन सोबत घेऊन येतं. तिथे सेटिंगच्या फाईलमध्ये एक्स्टेन्शनचा पूर्ण पाथ देणं सोपं.

मग पॅकेजच्या गरजांमध्ये ‘मर्क्युरियल’ लिहून टाकायचं का? मी तरी टाळा म्हणेन. पिप फक्त आपल्यापुरतं बघतं. तिथे मर्क्युरियल दिसलं नाही, की दुसरी प्रत आणून ठेवतं. आता मशीनवर दोन एचजी, आणि वापरणाऱ्याला पत्ताच नाही की आपण कोणतं चालवतोय. त्यापेक्षा ‘कमीत कमी अमुक आवृत्ती हवी’ हे एक्स्टेन्शनच्या कोडमध्येच लिहिता येतं. मर्क्युरियल जुनं असेल तर ते सूचना देऊन एक्स्टेन्शन बंद ठेवतं. हे महत्त्वाचं, कारण मर्क्युरियलच्या आतल्या फंक्शन्सची स्थिरतेची हमी नाही, ती आवृत्तीगणिक बदलू शकतात.

कोड कुठे ठेवायचा? बाहेरच्या एक्स्टेन्शनसाठी मर्क्युरियलनं ‘एचजीईएक्सटीथर्ड’ नावाचं पॅकेज राखून ठेवलंय. त्यात ठेवलं, तर सेटिंगमध्ये नुसतं छोटं नाव पुरतं. मात्र या पॅकेजची इनिट फाईल मर्क्युरियलसोबत येते, ती आपल्या पॅकेजमध्ये परत घालू नका. एकाच फाईलवर दोन पॅकेजेसनी हक्क सांगितला, की डेबियनसारख्या ठिकाणी इन्स्टॉलेशन तिथेच थांबतं.

आणखी एक. मर्क्युरियल 6.2 पासून पायथन 2 चा आधार गेला. जुनं एक्स्टेन्शन बांधायला घेतलंत, तर आवृत्तीचा आकडा बाइट्समध्ये आहे ना, म्हणजे अवतरणचिन्हाआधी ‘बी’ लावलाय ना, ते आधी पाहा.