लेझरने केस काढताना : गैरसमज आणि वस्तुस्थिती

लग्नसराई आली की 'सहा सिटिंगमध्ये केस कायमचे गायब' अशी पॅकेजं गल्लोगल्ली विकली जातात. पैसे भरण्याआधी चार गोष्टी तपासून घ्या.

गैरसमज : लेझरने सगळे केस कायमचे जातात.
वस्तुस्थिती : अमेरिकेचं अन्न व औषध प्रशासन अशा यंत्रांबाबत केस कायमस्वरूपी 'कमी होण्याचा' दावा मान्य करतं, सगळे केस जाण्याचा नव्हे. पीसीओएस हा संप्रेरकांचा विकार असेल तर नवे केस येत राहतात. पांढऱ्या केसांत रंगद्रव्यच नसतं, त्यामुळे त्यांच्यावर लेझर चालत नाही. हे गिऱ्हाइकाला पहिल्याच भेटीत सांगायला हवं. हनुवटीवर निम्मे केस पिकलेल्या बाईला पूर्ण पॅकेज गळ्यात मारणं ही निव्वळ फसवणूक.

गैरसमज : यंत्र भारी असलं की कुणीही चालवावं.
वस्तुस्थिती : केसातलं मेलॅनिन लेझरचा प्रकाश शोषतं, तापतं आणि मूळ जळतं. पण मेलॅनिन त्वचेतही असतं आणि सावळ्या त्वचेत जास्त. सेटिंग चुकलं की कातडी भाजते आणि काळे डाग महिनोन्महिने जात नाहीत. 1064 नॅनोमीटरच्या एनडी-याग लेझरचा प्रकाश मेलॅनिन कमी शोषतं, म्हणून सावळ्या त्वचेला तो लेझर 755 नॅनोमीटरच्या अलेक्झांड्राइटपेक्षा सुरक्षित. यंत्र कोणतं, चालवणार कोण आणि भाजलंच तर उपचार कोण करणार, हे स्पष्ट विचारा. आधी छोट्या जागेवर चाचणी करून घ्या.

गैरसमज : केसांसोबत लेझरने तीळही उडवून घेणं म्हणजे केवळ सौंदर्याची बाब.
वस्तुस्थिती : क्वचित तो 'तीळ' मेलॅनोमा, म्हणजे त्वचेचा कर्करोग असतो. लेझरने रंग उडाला की खूण पुसते, तपासायला तुकडाही उरत नाही आणि निदान लांबतं. त्वचारोगतज्ज्ञाने पाहिल्याशिवाय तिळाला हात लावू देऊ नये.

गैरसमज : फॉर्मवर सही झाली की क्लिनिकची जबाबदारी संपली.
वस्तुस्थिती : समीरा कोहली खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2008 साली स्पष्ट केलं, की उपचाराचं स्वरूप, फायदे, धोके आणि पर्याय यांची पुरेशी माहिती दिली तरच रुग्णाची संमती खरी. काउंटरवर कार्ड स्वाइप करता करता घेतलेली सही त्यात बसत नाही. रुग्ण मिळवण्यासाठी जाहिरातबाजी करायला डॉक्टरांना 2002 च्या आचारसंहितेने मनाई आहे. पण पार्लर त्या संहितेखाली येत नाही. म्हणून जाहिरातीवर विसंबू नका, फॉर्म घरी नेऊन वाचा. 'ऑफर आजच संपतेय' म्हणून घाई करणाऱ्याकडे उपचार न घेतलेलेच बरे.