झेड बोसॉन
दुर्बल परस्परक्रियेचा वाहक असलेला विद्युत् भाररहित मूलकण. याचा शोध १९८३ मध्ये जिनीव्हाजवळील सर्न प्रयोगशाळेत लागला. तेथील २७ किमी. परिघाच्या वेगवर्धकात १९८९–९५ या काळात इलेक्ट्रॉन व पॉझिट्रॉन यांच्या टकरींतून तो विपुल प्रमाणात निर्माण करण्यात आला. टकरीची ऊर्जा ९१ अब्ज इलेक्ट्रॉन व्होल्टच्या आसपास थोडीथोडी बदलली असता कणनिर्मितीचा आलेख शिखरासारखा येतो. कणाच्या क्षयाचे मार्ग जितके अधिक, तितके त्याचे आयुर्मान अल्प व शिखर रुंद असते. न्यूट्रिनो अभिज्ञातकात दिसत नाहीत. तथापि त्यांच्या प्रत्येक प्रकारामुळे शिखर रुंदावते व ठेंगणे होते. मोजलेले शिखर तीन प्रकार गृहीत धरून काढलेल्या आलेखाशीच जुळले. अशा रीतीने या परस्परक्रियेत भाग घेणारे हलके न्यूट्रिनो तीनच प्रकारचे असल्याचे, ते न दिसताही, निश्चित झाले.