मशीन डबीत असतं तेव्हा

1992च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात लातूर जिल्ह्यातल्या किल्लारीच्या आसपास जमिनीतून गुरगुर ऐकू यायची आणि लोक भीतीने घराबाहेर झोपायचे. पुढच्या वर्षी, 30 सप्टेंबर 1993 रोजी पहाटे चारच्या सुमारास, भूकंप झाला. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालं होतं, गावं गाढ झोपेत होती, आणि दगडमातीच्या जाड भिंती अंगावर आल्या. हादरा बहिऱ्या माणसालाही कळतोच. पण ढिगाऱ्यावरून हाक आली तर ओ द्यायला ती आधी ऐकू यावी लागते. कानाच्या मशीनच्या काळजीबद्दल तेव्हापासून बरंच सांगितलं गेलं, मशीन काढून झोपायच्या रात्रीच्या वेळेबद्दल मात्र फार थोडं.

तेव्हाचं मशीन म्हणजे बहुधा खिशातली डबी आणि कानापर्यंत गेलेली वायर. लातूरकडे सोयाबीन वाढलं, तशी मळणी यंत्रंही वाढली; फिरत्या पट्ट्याशेजारी लोंबती वायर सुटलेल्या पदराइतकीच जिवावरची. कानामागची मशीनं आली आणि ही धास्ती गेली, गोंगाट राहिला. अनेकजण मळणीच्या वेळी मशीन नुसतं बंद करून कानातच ठेवतात. बंद मशीनने कानाचं रक्षण होईल याचा भरवसा नाही. ते काढून भुश्शापासून दूर ठेवावं आणि आवाज अडवणारे इअरमफ लावावेत.

नव्या मशीनबरोबर बटणाएवढे सेल घरात आले. संपलेला सेल गोळ्यांच्या डबीत पडला की म्हातारी माणसं औषध समजून गिळू शकतात. रांगत्या लेकराला तर सापडलेली प्रत्येक वस्तू तोंडात घालायची असते. बटण सेल घशाखाली अडकला तर दोन तासांतही अन्ननलिका भाजू शकते. उलटी करवू नये, उजाडण्याची वाट पाहू नये, थेट दवाखाना गाठावा.

2020मध्ये मास्कचं इलॅस्टिक काढताना कानामागची मशीनं ओढली जाऊन पडायची. ते दिवस सरले.

रात्र मात्र तशीच आहे. कानाला हवा लागावी म्हणून झोपताना मशीन काढतात, सेलचं झाकण उघडं ठेवतात. हे बरोबरच आहे. पण ऑगस्ट 2025मध्ये नांदेड जिल्ह्यातल्या मुखेड तालुक्यात अतिवृष्टीने रात्रीतून गावांत पाणी शिरलं, माणसं दगावली. अशा वेळी आरडाओरडा हाच गावाचा भोंगा, आणि मशीन काढून झोपलेल्यापर्यंत तो पोचत नाही.

सरकारने 2023मध्ये मोबाइलवर आपत्तीच्या इशाऱ्यांची चाचणी घेतली. त्यात आवाजाबरोबर फोन थरथरतोही. तो उशीखाली असेल तर उपयोग. आजोबांचा फोन बहुधा साधा बटणांचा, तोही दुसऱ्या खोलीत चार्जिंगला. म्हणून मशीनची डबी आणि टॉर्च उशाशी एकाच ठरल्या जागी असावी, आणि हात लावून कोणी उठवायचं हे घरात आधीच ठरलेलं असावं. एकट्या राहणाऱ्या आजीसाठी शेजारच्या घरी किल्ली द्यावी आणि ती कुठे झोपते हेही सांगून ठेवावं.